टेबलात न बसलेली गल्ली

मी शहर बोलतोय. दचकू नका, खरं शहर नव्हे. त्याला बोलायला सवड कुठे आहे? मी त्याचा नमुना. पुठ्ठा, प्लायवूड, थर्माकोल आणि शेरभर गोंद, एवढाच माझा ऐवज. नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात, लांबलचक टेबलावर मी नऊ वर्षं काढली. साहेब लोक मला मॉडेल म्हणायचे आणि माझ्या टेकडीवर चहाचे कप ठेवायचे.

मला घडवलं एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी. माणूस हट्टी, पुटपुट्या, पण हातात जादू. तेव्हा उन्हाळे अंगावर यायला लागले होते आणि नदी दर दोन-तीन वर्षांनी पात्र सोडत होती. वरून हुकूम सुटला, की प्रत्येक शहरानं हवामान बदलाला तोंड देण्याचा आराखडा करावा. आराखडा म्हटलं की बैठका आल्या, आणि बैठकीत टेबलावर काहीतरी बघायला हवं. म्हणून माझा जन्म.

मास्तर तीन महिने राबले. माझी एकेक खिडकी त्यांनी ब्लेडनं कोरली आहे. शेवटी मात्र घोटाळा झाला. टेकडीपासून मांडत मांडत ते नदीच्या वळणापाशी आले आणि टेबल वीतभर कमी पडलं. काठावरची शेवटची गल्ली, चाळीसेक घरं, काही केल्या बसेना. फळी जोडू का, म्हणून त्यांनी उपअभियंता साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, फळी दाराला आडवी येईल, बसेल तेवढं करा. मास्तर दिवसभर धुसफुसले, मग करवत घेऊन त्यांनी मला सरळ रेषेत कापलं. नंतर जोडू, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग लेकाकडे राहायला गेले आणि परत काही आले नाहीत. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. म्हणजे, थोडासा आहे.

सभागृह झाडायला-पुसायला एक बाई होत्या. शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. फडक्यानं माझी घरं उपटतात हे कळल्यावर त्यांनी घरून रंगाचा जुना ब्रश आणला आणि त्यानं माझी छपरं झाडू लागल्या. झाडता झाडता बोलायच्या. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिला खाऊ घालायचं, कूस बदलायची, उशाशी पाणी ठेवायचं आणि मग कामावर यायचं. "म्हातारी जिभेनं मात्र अजून धावते हो," असं सांगून त्या हसायच्या.

बैठकांत माझा थाट विचारू नका. स्पंजाची हिरवी झाडं माझ्यावर रोवली गेली. छपरांवर निळे कागद चिकटले, ते म्हणे सौरऊर्जेचे. शहराचा धूर निम्म्यावर आणायचा असं एकमतानं ठरलं, आणि त्यासाठी साल असं निवडलं की हजर असलेला एकही माणूस तोवर नोकरीत उरणार नव्हता. टाळ्या झाल्या. मग पुराची भिंत निघाली. सल्लागारानं टाचण्या टोचत नदीकाठानं लाल दोरा लावला. दोरा टेबलाच्या कडेला आला, तिथे त्यानं शेवटची टाचणी मारली आणि माझा फोटो काढला.

त्या फोटोवरून भिंतीचा नकाशा झाला. पुराची सूचना देत फिरणाऱ्या भोंग्याच्या गाडीचा रस्ता झाला. उचलून न्यायच्या आजारी माणसांची यादी झाली. टेबल संपलं तरी शहर पुढे असतं, हे एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी ओरडून सांगितलं असतं हो. पण थर्माकोलला कोण विचारतो?

हे कळलं ते मावशींना. एके दिवशी कौतुकानं त्या माझ्यावर स्वतःचं घर शोधायला लागल्या. बाजार सापडला, पूल सापडला, शाळा सापडली. शाळेवरून त्यांचं बोट उताराला लागलं आणि कडेवरून खाली गेलं. त्यांनी पुन्हा पुलापासून सुरुवात केली. पुन्हा तेच. मग लाल दोऱ्याकडे बघत त्या तशाच उभ्या राहिल्या.

उपअभियंता साहेब आले तेव्हा त्यांनी भीत भीत विषय काढला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी हसून सांगितलं, "अहो मावशी, हा नुसता नमुना आहे. खरं थोडंच आहे ते?"

"ते कळतं मला साहेब. पण भिंत कुठवर येणार?"

साहेबांनी टाचणीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडलेला मी अगदी जवळून पाहिला. फळीला नाही म्हटलेलं त्यांना तेव्हा आठवलं असावं. पुढच्या बैठकीत विषय घेतो, असा त्यांनी शब्द दिला.

आणि घेतला, खोटं कशाला बोलू? अकरावा विषय होता. तोवर सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागलेले. सल्लागार म्हणाला, आराखड्याला मंजुरी मिळाली आहे. आता एक गल्ली वाढवली तर मोजणी, हरकती, मंजुरी, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या टप्प्यात घेऊ. साहेबांनी वहीत तसं लिहून घेतलं. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली, आणि दुसऱ्या टप्प्याचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

मावशी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. वरचे मोठे अधिकारी पाहणीला येणार होते, त्या सकाळी त्या लवकर आल्या. पिशवीत काड्यापेट्या होत्या, चाळीस रिकाम्या. त्यांनी एक स्टूल आणून टेबलाच्या कडेला भिडवलं, त्यावर पुठ्ठा टाकला आणि काड्यापेट्या दोन रांगांत मांडल्या. एका पेटीवर खडूनं खूण केली. "ही आमची," मला म्हणाल्या. काय सांगू तुम्हाला! तासभर मी पुरा झालो होतो. कापलेल्या जागी पहिल्यांदाच काहीतरी टेकलं होतं, आणि मला फार बरं वाटलं.

मग खुर्च्या लावायला माणसं आली. अधिकाऱ्यांची खुर्ची नेमकी तिथेच यायची होती. कोणीतरी स्टूल उचललं, पुठ्ठा वाकवला आणि काड्यापेट्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्या. मावशी तेव्हा खाली कपबशा धूत होत्या. वर आल्यावर त्यांनी ते पाहिलं आणि चहा वाटायला घेतला.

भिंत झाली. टाचणी होती तिथे संपली.

पुढच्या पावसाळ्यात, एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला नदी चढली. मावशी सभागृहातच होत्या. आणीबाणीची बैठक म्हणून त्यांना थांबवून घेतलं होतं. खिडकीतून भोंग्याची गाडी ऐकू येत होती. बाजार, पूल, शाळा असं करत आवाज लांब गेला आणि शाळेपासून वळून परत जवळ यायला लागला. मावशींच्या हातातला ट्रे खाली पडला. धावत जिना उतरताना त्या एवढंच ओरडल्या, "आई झोपूनच आहे हो!"

भिंतीनं वरचं सगळं शहर वाचवलं. अडलेलं पाणी जिथे भिंत नव्हती तिथे घुसलं, दुप्पट जोरानं. शेजारणीनं दार ठोठावलं, पण एकटीला म्हातारी उचलेना, आणि मग पाणी कमरेवर आलं. मावशी शाळेपाशी पोचल्या तेव्हा पुढे रस्ताच नव्हता. हे सगळं मी नंतर शिपायांच्या बोलण्यातून ऐकलं.

पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. नव्या साहेबांनी दोन शब्द सांत्वनाचे बोलून घेतले. त्या दिवशी त्यांनी मला झाडलं नाही. नंतरही कधी नाही. मला त्याचं फार लागलं, पण कोणत्या तोंडानं तक्रार करू?

आता नवा आराखडा आलाय आणि त्याबरोबर नवा नमुना. मशीननं कापलेला, आत दिवे लागणारा. त्याच्यासाठी टेबलही मोठं घेतलंय. मला उभं करून भिंतीला टेकवलंय. टेकडी गळून पडलीये, अर्धी झाडं उंदरांनी नेली. येत्या आठवड्यात मला मोडीत काढणार आहेत. काढा बापडे. जाता जाता एकच मागणं. तुमच्या गावच्या कचेरीत असं एखादं गाव टेबलावर मांडलेलं असेल, तर सवड काढून जा आणि त्यात आपलं घर शोधा. नाही सापडलं तर विचारा. विचारून काही होईल, असं मात्र मी सांगू शकत नाही. मी पाहिलंय ते तुम्हाला सांगितलं.

नव्या नमुन्यात ती गल्ली आहे. म्हणजे तिची जागा आहे. तिथे आता घरं दाखवलेली नाहीत. पुढच्या पुराचं पाणी साठवण्यासाठी ती जागा राखून ठेवलीये, आणि तिथे एक सुंदर निळी काच बसवलीये. पाहुणे यायचे असले की नवे साहेब हाक मारतात, "मावशी, तेवढी काच जरा चकचकीत करा, पाणी उठून दिसलं पाहिजे." मावशी फडकं घेऊन येतात, काचेवर वाकतात आणि पुसत राहतात.