माझ्या खिडकीतला सोळा

मित्रांनो, पुठ्ठे कापणाऱ्या कारखान्यातले ते लोखंडी कपाट उघडलेत, तर डावीकडून दुसरा, धुळीने माखलेला करडा डबा दिसेल. तो मी. मी एक जुना सर्वो ड्राइव्ह आहे. मोटरला किती वीज द्यायची, तिने नेमके कुठे थांबायचे, हे मी ठरवतो. माझी मोटर एक जड पाते वर-खाली करते. वीज असेपर्यंत ते पाते मी तोलून धरतो. वीज बंद झाली की मी झोपतो आणि मोटरचा ब्रेक ते धरून ठेवतो.

नवा होतो तेव्हा माझे भारी कौतुक होते. "एका केसाचा फरक पडत नाही हो याच्या कामात!" असे यंत्रावरच्या काकू आल्या-गेल्याला सांगत. मीही जरा फुशारलो, खोटे कशाला बोलू?

पुढे ब्रेकला वीज पोचवून तो सोडवणारी एक तार सैल झाली. ब्रेक पुरता सुटेना. बिचारी मोटर त्याच्याशी झगडत पाते उचलू लागली. तिला जास्तीची वीज लागते आहे हे मला कळत होते, पण मला तोंड नाही. आकड्यांपुरती एक छोटी खिडकी तेवढी आहे. तिच्यात मी 'सोळा' दाखवले, म्हणजे मोटरवर भार फार होतो आहे, आणि यंत्र थांबवले.

सुपरवायझर आले. आकड्याकडे न बघताच त्यांनी रीसेटचे बटण दाबले. मी पुन्हा सोळा दाखवले. त्यांनी पुन्हा दाबले. असे दिवसातून वीस-वीस वेळा. बटणाचा रंग उडाला, पण सोळा म्हणजे काय, हे पुस्तिकेत कोणी पाहिले नाही. "म्हातारा झालाय हा डबा, उगाच कुरकुरतो," म्हणत सगळ्यांनी खापर माझ्यावर फोडले.

मला माझी चिंता नव्हती. ब्रेकचे अस्तर घासून घासून संपत आले होते. जेवणाच्या सुट्टीत वीज बंद करत. नंतर मी जागा होई, तेव्हा पाते सोडल्या जागेपेक्षा जरासे खाली आलेले असे. आणि त्याच सुट्टीत, यंत्र बंद आहे म्हणून निर्धास्तपणे, काकू पात्याखाली हात घालून कपटे काढत.

शेवटी मला भंगारात काढायचे ठरले. नवा ड्राइव्ह बसवायला मीटरमामा आले. गळ्यात सदा वीज मोजायचा मीटर लटकलेला, म्हणून हे नाव. त्यांनी आधी विचारले, "आकडा कोणता येतो?"

"कुणास ठाऊक. रीसेट केलं की जातो," सुपरवायझर म्हणाले.

"जातो कुठे? याच्या पोटात राहतो."

मामांनी माझ्या जुन्या नोंदी काढल्या. सगळे सोळा, आणि सगळे पाते वर जाताना. मग त्यांनी माझी मोटर शेजारच्या ड्राइव्हला जोडली आणि त्याची मला. मी मुकाट्याने काम केले. शेजारी मात्र दहा मिनिटांत सोळा दाखवू लागला.

"म्हणजे हा बिघडलेला नाही. हा सांगत होता," मामा म्हणाले.

त्यांनी तारा पूर्ववत केल्या, पात्याखाली एक जाड लाकडी ठोकळा ठेवला आणि फक्त मोटरची वीज तोडली. माझी खिडकी चालू होती, तिच्यात पात्याची उंची दिसत होती. आकडे हळूहळू उतरले, मग एकदम. पाते ठोकळ्यावर आदळले आणि लाकडात बोटभर खोल खाच पडली.

काकूंनी आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. सुपरवायझर बराच वेळ त्या रंग उडालेल्या बटणाकडे बघत राहिले.

तार घट्ट झाली, ब्रेक नवा आला, मी जुनाच राहिलो. आता कपाटाच्या दाराला एक वही टांगली आहे. आधी आकडा लिहायचा, कारण शोधायचे, मगच बटण. मित्रांनो, कोणी कुरकुरत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी काय दुखते आहे ते विचारा. माझे एवढेच मागणे आहे.

काकू आजही त्या खाचेच्या ठोकळ्याशिवाय पात्याखाली हात घालत नाहीत. परवा माझा पंखा धुळीने अडला आणि मी वेगळाच आकडा दाखवला. सुपरवायझरांचा हात सवयीने बटणाकडे गेला. काकूंनी तो अडवला, चष्मा लावला आणि माझ्या खिडकीपाशी वाकून म्हणाल्या, "थांब रे बाबा, वाचते. बोल."