संध्याकाळी पाचची घरघर

रमझी राहायचा तिसऱ्या मजल्यावर, पण त्याचा राग सातही मजल्यांना पुरायचा. त्या गुरुवारी तो जिना चढताना लिफ्टला शिव्या घालत होता. लिफ्ट दोन वर्षं बंद होती. तिचा काही दोष नव्हता.

मागून वारूज येत होता, गळ्यात केबल घालून. हा बुर्ज हम्मूद वस्तीतला आर्मेनियन कारागीर. बैरूतमधल्या जुन्या रेडिओंचा आणि सगळ्या संगीतवेड्यांचा जीव त्याच्या हातात असायचा, आणि तो हात तो सावकाश हलवायचा. केबल दीड मीटर लांब, मनगटाएवढी जाड, वर निळी वीण. रमझीनं ती दारातली गाडी विकून घेतली होती. गाडीत पेट्रोल कधी नसायचंच, त्यामुळे ती तशीही फर्निचरच होती.

"ही भिंतीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत वीज नेणार?" कॉफीचे पेले ठेवत रमझीची बायको नुहाद म्हणाली.

"हो, मादाम."

"मग इतके दिवस वीज काय पायी येत होती?"

"येत होती, मादाम. पण मळक्या कपड्यांत."

केबल काही केल्या वाकेना. शेवटी अ‍ॅम्प्लिफायरच भिंतीपासून हातभर पुढे सरकला आणि मागचे दोन पाय हवेत उचलून अडेल गाढवासारखा उभा राहिला.

"आता दोनशे तास चालू ठेवा, उस्ताद," वारूज म्हणाला. "मग ती मोकळी होते."

"कुठल्या विजेवर? जनरेटरच्या की सरकारी?"

वारूज घुटमळला. "सरकारी असेल तर उत्तम."

सरकारी वीज दिवसाला दोन तास यायची, तीही मनात आलं तर. नुहादनं बोटांवर हिशेब केला. "शंभर दिवस. तोवर मी इस्त्री कुठे करू? शेजारच्या देशात?"

इस्त्री हा त्या घरातला दुखरा विषय होता. जनरेटरवाल्या अबू फहदकडून त्यांना पाच अँपिअर मिळायचे. त्यात फ्रिज, दिवे आणि रमझीचं संगीत दाटीवाटीनं बसायचं. वर इस्त्री लावली की खालच्या पेटीतला ब्रेकर खट्कन पडायचा, आणि तो वर करायला कुणीतरी तीन मजले उतरायचं. गेल्या आठ महिन्यांत तर संध्याकाळी किटलीलाही जागा उरली नव्हती. नुहादच्या मते सगळं त्या अ‍ॅम्प्लिफायरनं खाल्लं होतं.

रमझीचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्यानं एकतीस वर्षं रेडिओत ध्वनिमुद्रण केलं होतं. त्यानं स्वतः मुद्रित केलेल्या जुन्या टेप स्वच्छ करून पुन्हा प्रसारित करायचं रेडिओनं ठरवलं होतं, आणि हे काम तूच करावंस असा निरोप आला होता. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. असा निरोप आल्यावर माणूस नाचला असता. पण आठ महिन्यांपासून रोज संध्याकाळी पाच ते सहा रमझीला संगीताखाली एक घरघर ऐकू यायची, आणि ती दुसऱ्या कुणालाच ऐकू यायची नाही.

सहाव्या मजल्यावरचा हकीम अदीब हा कान-नाक-घशाचा डॉक्टर. शाळेपासूनचा दोस्त. त्यानं दवाखान्यात बसवून कान तपासले होते.

"घरघर कानात आहे, रमझी. वरचे सूरही गेलेत. वय झालं."

"पाच ते सहाच कशी रे येते?"

"कान दमतो. दिवसभर राबतो बिचारा, पाचला बसतो."

त्यानं गोळ्या दिल्या. ऑगस्टमध्ये हकीम महिनाभर डोंगरातल्या गावी गेला आणि घरघर थांबली. "बघ! गोळी लागू पडली," तो फोनवर ओरडला. सप्टेंबरात हकीम परतला, घरघरही परतली. "शरीराला सवय झाली," हकीम म्हणाला. "आता दोन-दोन घे."

एक गोष्ट तेवढी रमझीला पटत नव्हती. ज्या दिवशी पाच वाजता सरकारी वीज असायची, त्या दिवशी कान दमायचा नाही. म्हणजे खोट विजेत होती, कानात नाही. आणि विजेत नसेल, तर सोमवारी रेडिओला 'मी बहिरा झालो' असं कळवायचं. केबल आली ती एवढ्यासाठी.

पाचला त्यानं टेप लावली. व्हायोलिनं उठली, बासरी आली, आणि पाच वाजून तीन मिनिटं होताहेत तोच खालून घरघरही आली. केबलनं आपला शब्द पाळला होता: सगळं जास्त स्वच्छ ऐकू येत होतं. घरघरसुद्धा. कालपर्यंत ती नुसतीच घरघर होती, आज तिला नाकडोळे आले होते. तीन जोरकस हिसके, एक मेलेला, मग दम. पुन्हा तीन, एक, दम.

"ऐकलंस?"

वारूजनं डोळे मिटून मान एका बाजूला कलवली. "नाही, उस्ताद."

"तुझ्या कानांत शिसं ओतलंय!"

"असेल. पण केबलमध्ये खोट नाही. खोट असलीच तर मागे असेल. भिंतीच्या मागे."

"भिंतीच्या मागे काय आहे?"

"अबू फहदची वायर. ऐंशी मीटर. कसली आहे ते त्याला आणि देवालाच माहीत."

रमझीच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडताच डोकं तापलं. "म्हणजे पाइप गटारातला आणि मी तोटी चांदीची बसवली?"

"मी हे आधी सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधी केबल विकायची होती," वारूज प्रामाणिकपणे म्हणाला.

रमझीनं अबू फहदला फोन लावला. स्वखर्चानं शुद्ध तांब्याची वायर टाकतो म्हणाला.

"तांबं? सकाळपर्यंत कापून नेतील, उस्ताद, आणि जाता जाता माझी पेटीही नेतील. अरे, लोक फ्रिज बंद पडला म्हणून फोन करतात. वीज बेसूर झाली म्हणून करणारा तू एकटाच!"

"वायर तरी बघू दे."

"बघ ना, पोटभर बघ. पिवळी पट्टी बांधलेली तुझी. पेटीतून गच्चीवर जाते आणि तिथून डक्टमधून खाली येते, सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांसमोरून."

रमझी बॅटरी घेऊन निघाला, आणि पक्कड घेऊन वारूज त्याच्या मागे. चौथ्या मजल्यावर विधवा एव्हलिनबाईंच्या खिडकीतून तो कमरेपर्यंत बाहेर वाकला. "उडी मारायची असेल तर आधी माझी कुंडी बाजूला ठेव," त्या म्हणाल्या. वायर धड होती. पाचव्यावरही धड.

सहाव्यावर हकीमानं दार वीतभर उघडलं. पायात काही नव्हतं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला.

"आज नको, रमझी. बायको बाहेर गेलीय."

"मला तुझी बायको नको. तुझी खिडकी हवी."

"उद्या ये. निवांत बघू."

आणि त्या वीतभर फटीतून रमझीला ऐकू आलं. तीन जोरकस हिसके, एक मेलेला, मग दम.

"हे काय वाजतंय?"

"काही नाही. तुझ्या कानात..." हकीम सवयीनं बोलून गेला, आणि थांबला.

रमझीनं खांद्यानं दार ढकललं. सोफ्यासमोर पायांना मालिश करायचं यंत्र होतं: दोन तळव्यांचे दोन खड्डे, आत फिरणारी लाटणी, आणि त्यातलं एक लाटणं आजारी. यंत्राची वायर गालिच्याखालून स्वयंपाकघरात गेली होती, तिथून खिडकीबाहेर, आणि तिथे पिवळ्या पट्टीच्या वायरची साल काढून तिच्याशी तिचं लग्न लावून दिलं होतं. वरून पट्टी बांधली होती. दवाखान्यातली पांढरी, चिकट, कडा नीट मुडपलेली. जखम एवढी सुबक बांधलेली रमझीनं आयुष्यात पाहिली नव्हती.

"तुझं वाटोळं होवो, हकीम."

"ऐक आधी. माझे पाच अँपिअर एसी आणि फ्रिज खातात. अबू फहद म्हणाला, जास्तीचे शिल्लक नाहीत. तुझी वायर खिडकीसमोरून जाते. अर्धा अँपिअर, रमझी! भावाभावांत अर्धा अँपिअर म्हणजे काय?"

"आठ महिने मी तुझे पाय ऐकतोय!"

"मला काय माहीत तुझ्या त्या भोंग्यात माझे पाय वाजतात ते!"

"गोळ्या दिल्यास मला! दोन-दोन!"

"त्या नुसत्या जीवनसत्त्वाच्या होत्या," हकीम म्हणाला. त्याला वाटलं, यानं प्रकरण सौम्य होईल.

आरडाओरडा ऐकून नुहाद वर आली. तिनं यंत्र पाहिलं, वायर पाहिली, पांढरी पट्टी पाहिली, आणि आठ महिन्यांची न उकळलेली कॉफी तिच्या चेहऱ्यावर चढली.

"हकीम, गेल्या रविवारी याच घरात बसून तू मला म्हणालास, 'वहिनी, किटली जुनी झाली, नवी घे.' म्हणालास की नाही?"

हकीम पायजम्याच्या घड्या उलगडू लागला.

"म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"मी घेतली नवी!"

तिनं यंत्राचं बटण बंद केलं, वायर उपटून यंत्र काखेत मारलं, आणि "इस्त्रीचे सगळे कपडे संपले की परत मिळेल," असं सांगून ती जिना उतरली. वारूजनं पक्कडीनं पांढरी पट्टी सोडवली, चोरटी वायर कापली आणि मूळ वायरीला स्वतःची काळी पट्टी गुंडाळली. जाता जाता हकीमाला म्हणाला, "काम छान होतं, डॉक्टर. टाके कधी घातले ते कळतच नाही."

खाली रमझीनं टेप पहिल्यापासून लावली. साडेपाच झाले होते. घरघर नव्हती. खालचे सूर ओल्या फरशीसारखे लख्ख होते. खुर्ची सरकवताना झालेला एका वादकाचा आवाजसुद्धा त्याला ऐकू आला. तो हसला नाही, पण शिवी द्यायचा थांबला, आणि त्या घरात ते हसण्यापेक्षा मोठं होतं. कान शाबूत होते. रेडिओला आत्ताच फोन करावा म्हणून त्यानं हात पुढे केला.

मग चौथं मिनिट आलं. इथे खंजिरी येते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्या झांजा इतक्या टोचायच्या की त्या दिवशी त्यानं वाजवणाऱ्याला तीन पावलं मागे उभं केलं होतं. आता कातड्यावरची थाप ऐकू आली. झांजा नाही आल्या.

"टेप झिजलीय," तो म्हणाला. "झांजा गेल्या."

वारूज आणि नुहाद एकमेकांकडे पाहू लागले.

"आहेत की," नुहाद म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि त्याचाच रमझीला जास्त संताप आला. "चांगल्या खणखणतायत."

"माझ्या शिसं ओतलेल्या कानांनासुद्धा," वारूज पुटपुटला.

रमझी उठला. तीन मजले चढून त्यानं हकीमाच्या दारावर मुठीनं ठोकलं, बेल चालू असताना. हकीम मार खायच्या तयारीनं दारात आला.

"कान तपास."

"आत्ता? यंत्र दवाखान्यात आहे."

"माझे कान इथे आहेत. तपास. आणि खोटं बोललास तर या जिन्यावरून तुला अनवाणी खाली नेईन."

हकीमानं त्याला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. उजव्या कानाशी बोटावर बोट घासलं.

"येतंय?"

"येतंय."

"आता?"

"नाही."

"अजून घासत नाहीये, भांडखोरा. आता?"

"येतंय. बारीक."

मग तो डावीकडे गेला. रमझी वाट पाहत राहिला. खूप वाट पाहिल्यावर त्यानं डोळे उघडले. हकीमाची बोटं कानाशेजारी जोरजोरात घासत होती.

हकीमानं हात खाली घेतला.

"घरघरीबद्दल मी चुकलो," हकीम शेवटी म्हणाला. "वीजचोर आहे, तेही कबूल. पण वरचे सूर खरंच गेलेत, रमझी. डावीकडचे सगळे, उजवीकडचे निम्मे. खालचे तुझ्याएवढे या शहरात कुणाला ऐकू येत नसतील. पाच मजल्यांखालून माझे पाय ऐकलेस."

"तीन."

"तीन."

रमझी उठला. त्यानं इतकी वर्षं या माणसाचं खोटं पकडायची वाट पाहिली होती, आणि आज पकडलंही होतं. पण आयुष्यात सर्वांत जास्त राग त्याला हकीमाच्या खऱ्या बोलण्याचा आला. त्यानं तिथूनच, हकीमाच्याच फोनवरून, रेडिओला फोन लावला, आणि पलीकडच्या बाईनं 'हॅलो' म्हणायच्या आत ओरडून सांगितलं की काम मी करणार, खालचं सगळं मी बघणार, आणि झांजांसाठी शेजारी कुणीतरी कानाचा माणूस बसवा, पण तो माझ्याशी वाद घालणारा नको.

"असा माणूस मिळणार नाही," हकीम मागून म्हणाला.

"तू गप्प बस, चोरा," रमझी म्हणाला, आणि हकीम ज्या बाजूला उभा होता तिकडे त्यानं उजवा कान केला.