बिरसीची वाट

कालव्याच्या पुलाजवळ खुर्ची पुन्हा बंद पडली.

"काऊन थांबली जी?" धुरपतानं विचारलं.

"ब्याटरी बसली." चैतरामनं खुर्ची परत घराकडे, कामठ्याला वळवली आणि ढकलायला लागला.

लकवा मारल्यापासून धुरपता माहेरी गेली नव्हती. माहेर जवळच, बिरसीला. म्हातारी आई तिथं भावाकडे राहायची. तिला फोनवर ऐकू येत नसे. ऑटो मिळाला असता, पण त्यात चढवायला चौघं लागत. "माहेरच्या दारी मी मढ्यावानी चौघाइच्या हातावर नाही जाणार," धुरपता म्हणे. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात उमर गेलेल्या चैतरामनं मग बायकोच्या चाकाच्या खुर्चीला मोटर बसवली. जुन्या लॅपटॉपांतले सेल जोडून बॅटरीही घरीच केली. तीच दगा देत होती.

दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर मीटर घेऊन बसला. धुरपता खाटेवरून बघत होती.

"सापडलं का जी?"

"पंगतीवानी झालं पाह. एका सेलनं ढेकर दिला का वाढपी, म्हंजे चार्जर, उठूनच जाते. बाकीचे उपाशी."

"मंग?"

"ज्याचं पोट भरलं, त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरावा. बाकीच्याइले वाढनं चालू राहावं."

धुरपता अर्ध्या तोंडानं हसली. बऱ्याच दिवसांनी.

त्यानं प्रत्येक सेलला एक छोटी जोडणी केली. सेल भरला की जास्तीची वीज बाजूच्या तारेतून उष्णता होऊन जाई आणि त्याचा तांबडा दिवा लागे. पहिल्यांदा एक जोडणी जळाली, चैतरामचं बोट भाजलं. त्यानं ती उपटून दुसरी लावली. शेवटी एका दुपारी, एकामागून एक, सगळे दिवे लागले.

"चाल," तो म्हणाला. धुरपतानं हिरवं लुगडं मागितलं.

पूल मागे पडला. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला आलं होतं. बिरसीत शिरताना धुरपतानं पदर सारखा केला. भावाच्या अंगणात ती स्वतः खुर्ची चालवत गेली. चैतराम मुद्दामच मागे राहिला.

आई बाजेवर बसली होती. तिनं डोळे बारीक केले आणि चेहरा फुलला.

"रुख्मा! आली का गं तू?"

रुख्मा म्हणजे म्हातारीची धाकटी बहीण. तिला जाऊन बराच काळ लोटला होता. धुरपताचा चेहरा मावशीवर गेलेला.

भाऊ पुढं झाला. "आई, रुख्मामावशी नोहे, हे आपली..."

धुरपतानं हात करून त्याला थांबवलं.

"आली वो बाई," ती म्हणाली.

म्हातारीनं तिचा निर्जीव हात आपल्या मांडीवर घेतला, चोळत राहिली. "माही धुरपता नाही आली गं अजून. रोज वाट पाहून राहिली मी."

धुरपतानं दुसरा हात आईच्या हातावर ठेवला.

"येऊन राहिली ते. रस्त्यातच आहे."

म्हातारीनं मान हलवली आणि पुन्हा फाटकाकडे नजर लावली. धुरपतानं बटण दाबून खुर्ची हळूच वळवली, आईच्या शेजारी लावली, आणि दोघी रस्त्याकडे बघत बसल्या.