हाजींच्या मंडपातली भाकरी

"आधी शेजारणीचं ताट झाक, मग आपल्या तोंडात खजूर घाल." रमजान लागला की इन्शिराहला आईचं हे बजावणं हटकून आठवे. म्हणूनच शेजारच्या इमारतीत अंथरुणाला खिळलेल्या तफीदाखालांना तिने शब्द दिला होता : महिनाभर रोजा तुम्ही मी आणलेल्या भाकरीवर सोडायचा, डाळीच्या गरम सारात कुस्करून.

त्या दिवशी कैरोच्या त्या गल्लीत भाकरीच्या भट्टीसमोर इन्शिराह रांगेत उभी होती आणि भट्टीवाला उस्ता शिंदी दुकानाच्या फळ्या लावत होता.

"संपल्या. घरी जा."

"रेशन कार्डावरच्या भाकऱ्या दुपारीच संपल्या, उस्ता?" इन्शिराहने विचारलं.

"हाजी अब्दुलमुईनच्या मंडपात गेल्या, पाट्याच्या पाट्या. रोजा सोडायला गल्लीला फुकट जेवू घालतोय माणूस. तूही जाऊन बस ना!"

"वा रे फुकट!" मागची बाई फणकारली. "आमच्या तोंडचं काढून आम्हालाच वाढायचं, वर दुवाही आम्हीच द्यायचा!"

मंडपाच्या दारात रमजानच्या कंदिलांहून मोठा हाजींचा चेहरा टांगला होता. खालचे खरे हाजी कडक इस्त्रीच्या झग्यात फोटोवाल्याची वाट बघत होते. इतक्या लोकांची भूक त्यांनी जमवली होती, ती जणू त्यांच्याच वरातीला आली होती.

"दोन भाकऱ्या हव्या होत्या हाजी. तफीदाखालांसाठी."

"मंडपाबाहेर काही जात नाही, ताई. म्हातारीला खुर्चीत घालून खाली आणा की! माझ्या शेजारी बसवतो. फोटो झकास येईल."

इन्शिराहचा आवाज कधी चढत नसे, तो आताही चढला नाही.

"त्यांना दात नाहीत, हाजी. पण तुमचे दिसले म्हणजे झालं."

वाढपी खुसखुसले. हाजींना ते कळलंच नाही. ते पागोटं सारखं करत होते.

मंडपामागे कालच्या भाकऱ्या कचऱ्यात पडल्या होत्या, काही पायांखाली चिरडलेल्या. इन्शिराह वाकली. एकेक उचलून तिने ओठांना लावली, कपाळाला टेकवली आणि भिंतीच्या कडेवर ठेवली.

"अहो राहू द्या, उद्या ताज्या येणारच आहेत!" एक वाढपी ओरडला.

तिने वळून पाहिलं नाही. अन्नाला पाय लागल्यावरही ज्यांच्या पोटात काही हलत नाही, त्यांच्याशी बोलून तोंडाचा रोजा कशाला मोडायचा?

घरी फडताळात ईदच्या बिस्किटांसाठी राखलेला मैदा होता. लेक अलेक्झांड्रियाहून खास त्या बिस्किटांसाठी येणार होता. तिने डबा काढला, बिस्मिल्ला म्हणून सगळा मैदा परातीत ओतला आणि मळायला घेतला. तव्यावरच्या भाकऱ्या पांढऱ्याफटक झाल्या, पण मऊ होत्या.

खाली कर्णा हाजींच्या दानतीचे गोडवे गात होता. अजानला थोडाच वेळ उरला होता. इन्शिराहने सारावर ताटली झाकली, भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, आपला खजूर मुठीत धरला आणि दार ओढून घेऊन ती हलक्या पावलांनी जिना उतरू लागली.