सोबत फक्त जाताना

“म्हणजे जाताना माझा नवरा फुकट. आणि येताना?” सिस्टरांनी फोनवर बँकेच्या माणसाला विचारलं.

“येताना पूर्ण भाडं लागेल, मॅडम. सोबतीची सवलत फक्त जातानाच्या प्रवासाला आहे.”

“आणि हे तुम्ही आज सांगताय? माझं जाण्यायेण्याचं तिकीट काढून झाल्यावर?”

“अटींच्या पुस्तिकेत दिलेलं आहे, मॅडम. कलम सतरा, पोटकलम ग.”

सिस्टरांनी पुस्तिका डोळ्यांशी नेली. होतं बाई. शेवटच्या पानावर, घडीच्या जागी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. चौतीस वर्षं इंजेक्शनच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तीन-तीनदा वाचल्याशिवाय त्यांनी सुई उचलली नव्हती. हे मात्र वाचलं नाही, कारण कार्ड विकायला आलेली बँकेची पोरगी फार गोड होती. इस्पितळाच्या उपाहारगृहात टेबल मांडून बसली होती. “मावशी, वर्षभर खरेदी कार्डावर करा. एका विमान-तिकिटावर सोबतीचं तिकीट फुकट!” म्हणाली. निवृत्तीला वर्ष उरलेल्या बाईला आणखी काय हवं? सिस्टरांनी उभ्याउभ्या सही ठोकली.

पलंगावर बर्फवाले झोपले होते. दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे त्यांची मध्यरात्र.

बर्फवाले म्हणजे सिस्टरांचे यजमान. एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला कॉम्प्रेसरवर होते, म्हणून गल्लीने दिलेलं हे नाव. ते सकाळी सहा चाळीसला घरी यायचे. सिस्टर सातच्या ठोक्याला दिवसपाळीला निघायच्या. संध्याकाळी त्या परतायच्या आत हे पुन्हा बाहेर. राहता राहिली मधली वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत बसायची सोय नव्हती. उंबऱ्याशी उभ्यानेच चहा व्हायचा. पोर जेवली का, गॅस संपत आलाय, नळ पुन्हा गळतोय, सगळा संसार तिथंच निस्तरायचा. सिस्टरांचा चहा कधी पुरा व्हायचा नाही. अर्धा कप त्या यजमानांच्या हातात द्यायच्या, तो ते संपवायचे. मग ते रिकामा तळहात पुढे करायचे, त्यावर त्या घराची किल्ली ठेवायच्या आणि मागे न बघता जिना उतरायच्या. मागे बघितलं की बस चुकायची.

आता अशा घरात लेक कशी झाली, असा आगाऊ प्रश्न कुणी विचारू नये. वर्षाकाठी दोन-चार सुट्ट्या जुळायच्या की!

लेक हुशार निघाली. पहिलीत असताना बाईंनी घराचं चित्र काढायला सांगितलं. पोरीने मधोमध मोठं दार काढलं, एका बाजूने आत येणारे बाबा, दुसऱ्या बाजूने बाहेर जाणारी आई. बाईंनी हळूच विचारलं, “आई-बाबांचं भांडण आहे का गं?” घरी येऊन तिने हे हसतहसत सांगितलं. सिस्टरही हसल्या. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर थर्मामीटर झटकताना मात्र त्यांना एकाएकी रडू फुटलं, आणि पेशंटलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

लेकीच्या शाळेत गेलं ते दोघांपैकी एकच. ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, तिथंही गेलं ते एकच. कधी आई दोन दिवस, कधी बाबा. आता तिला बाळ झालं होतं. फोनवर तिने एवढंच मागितलं होतं, “या वेळी दोघं बरोबर या. माझ्या दारातून तुम्ही दोघं एकदम आत आलेलं मी एकदाही बघितलेलं नाही गं, आई.”

त्यासाठी तर सगळा खटाटोप. वर्षभर सिस्टरांनी कांदे-बटाटेसुद्धा कार्डावर घेतले. खरेदीचा आकडा गाठायला अख्ख्या वॉर्डाचे पांढरे बूट आपल्या कार्डावर आणून दिले. आणि मग अटींनी डोकं वर काढलं. महिनाभर आधी सांगा. सुट्टीच्या दिवसांत चालणार नाही. शुक्रवार ते रविवार नाही. एका विमानात अशा जागा चारच, त्या भरल्या तर पुढची तारीख बघा. फुकट म्हणता म्हणता कर आणि इंधनाचा अधिभार सोबत्यालाही होताच. सिस्टर रोज सकाळी फोन लावून बसायच्या आणि तो आवाज रोज त्याच मऊपणाने म्हणायचा, “आपली अडचण समजतेय, मॅडम.” त्यांच्या नाकी नऊ आले, पण त्या हटल्या नाहीत. शेवटी एक बुधवार मिळाला. आणि आज त्या बुधवारातून हे कलम सतरा निघालं.

चारच्या सुमाराला बर्फवाले उठले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण अंगातली रात्रपाळी काही गेली नव्हती. दिवसा घोरायचे आणि रात्री भांडी घासून ठेवायचे. आपणही निवृत्त होऊन घरी बसल्यावर तरी दोघं समोरासमोर बसू, असं सिस्टरांना वाटलं होतं. कसचं काय!

“बँकेने तोंडाला पानं पुसली,” सिस्टर म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. “रद्द करावं तर माझं तिकीटही बुडतंय, आणि येतानाचं तुमचं पूर्ण भाडं परवडायचं नाही. आपण दोघं आगगाडीनेच येऊ परत.”

“दोन रात्री गाडीत? तुझी कंबर काय म्हणेल?”

“माझी कंबर माझं बघून घेईल.”

“अगं, मला कसली अडचण? रात्री जागायचं तर जागायचं. तू ये विमानाने, मी मागून येतो.” बर्फवाल्यांनी डोळे चोळले. “जाताना तर बरोबर आहोत ना? मग झालं तर. आपल्याला कुठं एवढ्याची सवय आहे!”

ते हे मजेत म्हणाले. सिस्टरांना ते फार लागलं.

बुधवारी दोघं विमानात शेजारी बसले. खिडकी सिस्टरांनी यजमानांना दिली. “अजिबात झोपायचं नाही हं,” त्यांनी बजावलं. “ढग वरून बघायचे आहेत.”

“छे गं. आज कसली झोप?”

विमान वर गेलं, पट्टा सोडायची घंटा वाजली, आणि बर्फवाल्यांची मान कलली. सकाळचे दहा वाजत होते. त्यांची हक्काची झोपेची वेळ.

सिस्टरांना असा राग आला म्हणता! वर्षभराचे बूट, बटाटे आणि फोन, सगळं एका घोरण्यात गेलं. त्यांनी ढोसायला कोपर उचललंसुद्धा. तेवढ्यात खिडकीतलं ऊन यजमानांच्या चेहऱ्यावर आलं आणि कोपर तिथंच राहिलं. आपण या माणसाला उजेडात झोपलेलं असं शांतपणे कधी बघितलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ते झोपायचे तेव्हा त्या परक्या माणसांच्या उशाशी असायच्या, आणि घरी बसल्यापासून फोनला चिकटलेल्या. झोपेत त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे येत होता. कानामागे भाजल्यासारखा पांढरा डाग होता. थंड पाइप लागल्याचा असणार. केव्हा लागला? कधी बोलले नाहीत. वीस मिनिटांत नळ आणि गॅस बसायचा, डाग बसायचा नाही. सवयीने सिस्टर त्यांचे श्वास मोजू लागल्या. मिनिटाला चौदा, अगदी ठणठणीत. मग उगाच पुन्हा मोजले. ढग राहिलेच बघायचे.

विमानतळातून बाहेर पडायच्या दाराशी लेक बाळाला घेऊन उभी होती. सामानाची एकच ढकलगाडी दोघंही धरून येताहेत हे बघून ती ओरडली, “थांबा! तिथंच थांबा दोघं. हलू नका.”

“काय झालं गं?” बर्फवाले घाबरले.

“काही नाही, बाबा. बघू दे जरा.”

मागची माणसं खोळंबली, कुणी चुकचुकलंसुद्धा. सिस्टरांनी चौतीस वर्षं कुणाला वाटेत उभं राहू दिलं नव्हतं. आज त्या मान ताठ करून, वाट अडवून उभ्या राहिल्या, लेकीचे डोळे पुसून होईपर्यंत.

आठ दिवस कसे गेले कळलं नाही. रात्री बाळ रडलं की बर्फवाले हजर, त्यामुळे लेकीला बऱ्याच दिवसांनी पोटभर झोप मिळाली. मग एका सकाळी ते आगगाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर विमानात. शेजारी कुणी अनोळखी गृहस्थ होते, ते टक्क जागे होते. सिस्टरांनी या वेळी ढग बघितले. चांगले होते. दाखवायला मात्र कुणी नव्हतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. सहा चाळीसला जिन्यात पावलं वाजली. घंटी वाजायच्या आत त्यांनी दार उघडलं.

“आलात?”

“आलो.” बर्फवाल्यांनी पिशवी टेकवली. दोन रात्रींचं जागरण डोळ्यांत उतरलं होतं. “पोरीने लोणी दिलंय तुझ्यासाठी. गाडीत पातळ झालं सगळं.”

सिस्टरांनी कप आणले. चौकटीला टेकून दोघं चहा पिऊ लागले. बाळाला म्हणे दात येतोय. नळ पुन्हा गळतोय. आत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

घड्याळात सातचे ठोके पडले. बर्फवाल्यांचे डोळे मिटत आले होते. त्यांनी आपला कप खाली ठेवला आणि रिकामा तळहात पुढे केला.

सिस्टर त्या हाताकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षं किल्ली ठेवली, पण हा हात कधी असा बघितला नव्हता. बोटांची टोकं थंडीने कायमची फुटलेली होती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला कुठं जायचंय आता?”

बर्फवाल्यांनी डोळे उघडले. आपल्या हाताकडे पाहिलं आणि ओशाळून हसले, पण हात मागे घ्यायचं त्यांना सुचलं नाही. सिस्टरांनी त्यावर आपला अर्धा राहिलेला कप ठेवला.

“बसून प्या,” त्या म्हणाल्या.

ते आत जाऊन खुर्चीवर बसले. सिस्टरांनी पिशवी आत ओढली आणि दार आतून लावून घेतलं.