चौथा पाय

सुताराने स्टूल उलटं केलं, चारही पायांवरून अंगठा फिरवला आणि चौथ्या पायाच्या सांध्यापाशी क्षणभर थांबला. मग ते सरळ करून जमिनीवर ठेवलं. स्टूल एका अंगाला कललं.

"छान आहे हो," तो म्हणाला. "स्वतः केलंत? वा!"

दारात उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या मुलीने कपाळाला हात लावला. बाबांचं 'छान' गिऱ्हाइकांसाठी राखलेलं होतं. घरच्या माणसाला ते कधी कुणी म्हणत नसे. घरच्यांना मिळत ते शालजोडीतले, आणि तेही रोजचे रोज ताजे. दोन वर्षांपूर्वी थोरलीने एकाला असंच घरी जेवायला आणलं होतं. जेवण संपेपर्यंत बाबा त्याला 'छान, छान' म्हणत राहिले. तो पुन्हा फिरकला नाही, आणि थोरलीनेही त्याचा विषय काढला नाही.

धाकटीने आज आणलेला हा दातांचा डॉक्टर होता. होणाऱ्या सासऱ्याला खूश करायचं म्हणून तीन रविवार खपून, तळहाताला फोड आणून त्याने ते स्टूल केलं होतं. 'फुलं आण, फळं आण, पण लाकूड आणू नकोस,' असं धाकटीने बजावलं होतं. पण प्रेमात पडलेला माणूस ऐकतो कुठे!

सगळे जेवायला बसले. डॉक्टरला सुताराने स्वतःची खुर्ची दिली, तेव्हा तर धाकटीने आशाच सोडली.

तिचा भाऊ हात धुऊन सगळ्यांत शेवटी आला. आई म्हणाली, "तुला मरण आणायला पाठवायला हवं. आम्ही सगळे शंभरी गाठू."

"आमटीत मीठ टाकलंस, की नुसतं दाखवलंस?" सुताराने धाकटीला विचारलं.

"टाकलंय, बाबा. तुमची जीभ बोलण्यातून मोकळी झाली की लागेल."

सगळे हसले. सुतार डॉक्टरकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम दुकानातला झाला. "आणखी भात घ्या ना. संकोच करू नका."

डॉक्टरने ताट पुढे केलं, कोपर टेबलावर टेकलं, टेबल हललं आणि त्याचा पाण्याचा पेला आडवा झाला.

"असू द्या, असू द्या," म्हणत सुतार फडकं घेऊन स्वतः पुसायला उठला.

डॉक्टर ओशाळून खाली वाकला. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, वर्षानुवर्षं दाबून दगडासारखी झालेली. तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"स्टुलाची काळजी मिटली," तो म्हणाला. "इथे त्याच्या नात्यातलं कुणीतरी आहे."

भावाचा घास हातातच राहिला. या घरात कुणाच्याही कशावरही बोलायला मुभा होती. सुताराच्या टकलावर तर लहानपणापासून सगळ्यांनी हात साफ करून घेतला होता. पण हे टेबल त्याने लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात केलं होतं, आणि त्याबद्दल आजवर ब्र काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती. धाकटीने डोळे मिटून घेतले.

पहिल्यांदा हसली ती आई. इतकी, की तिला ठसका लागला.

"तीस वर्षं मी जीभ चावून बसलेय!" ती म्हणाली. "सोनाराने कान टोचावेत म्हणतात. आमच्याकडे दातांच्या डॉक्टरने टोचले!"

फडकं खांद्यावर टाकून सुतार बाहेर गेला आणि स्टूल घेऊन आला. चौथा पाय त्याने डॉक्टरच्या नाकासमोर धरला.

"या सांध्यात हे पांढरं काय आहे?"

"ते... दाढेत भरतो आम्ही."

"लाकूड किडलं होतं?"

"नाही. फट राहिली होती."

"अरे, मग निदान भूल तरी द्यायचीस त्याला! बिचारं अजून थरथरतंय."

धाकटीने डोळे उघडले. तिला हसूही येत होतं आणि रडूही, म्हणून ती घाईघाईने सगळ्यांना आमटी वाढत सुटली, नको म्हणणाऱ्यांनासुद्धा.

आता बाबा अवजारं मागवतील असं भावाला वाटलं. सुताराने मात्र फळीवरून एक रिकामं खोकं काढलं, त्याचा तुकडा फाडला, चार घड्या घातल्या आणि स्टूल खाली ठेवून त्याच्या पायाखाली सारला.

"ऊठ माझ्या खुर्चीतून," तो डॉक्टरला म्हणाला. "तूच केलंस ना, मग बस त्यावर आणि भोग."

डॉक्टर बसला. स्टूल जरासं कललं, त्याने घाबरून टेबल धरलं, आणि नुकताच भरलेला पेला पुन्हा आडवा झाला.

सुतार जागचा हलला नाही. खांद्यावरचं फडकं काढून त्याने डॉक्टरच्या अंगावर फेकलं.