साहेबाचं पोट

माझ्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. ठिपकी मिळाल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाले, ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ठिपकी म्हणजे आमच्या तळ्यातला बोटभर मासा, शेपटीपाशी काळा ठिपका असलेला. तो तळ्यातून नाहीसा होऊन इतकी वर्षं झाली की काठावरची पोरंसोरं त्याला ओळखायचीसुद्धा नाहीत. आणि नाहीसा कोणामुळे झाला, तर सासऱ्यांच्याच हातून. आता बोला.

तरुणपणी ते सरकारी लाँच चालवायचे. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, पण मासे सगळे बोटाएवढे नाहीतर काटेरी. वरच्या कोणाला तरी वाटलं, इतक्या पाण्यात एखादा भरदार मासा हवा. मग कुठून तरी लांबून ड्रम भरभरून पिल्लं आली आणि ते ड्रम मध्यावर नेऊन ओतायचं काम सासऱ्यांकडे आलं. तेव्हापासून काठावर त्यांचं नाव ड्रमकाका. पिल्लं वाढली, माणसाएवढी झाली. सरकारी लाँचमधून आलेला म्हणून लोक त्या माशाला साहेब म्हणायला लागले. पहिली काही वर्षं काय चंगळ होती म्हणून सांगू. घराघरांवर पक्की छपरं चढली, बर्फाचा कारखाना आला, मासे कापायची शेड आली. ड्रमकाका रस्त्याने निघाले की जो तो त्यांना हाक मारून आत बोलवायचा.

मी त्याच शेडमध्ये पोटं फाडते. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून हेच काम. टेबलावर साहेब आडवा असतो, गळ्याखाली सुरी घालायची, शेपटीपर्यंत न्यायची, आतडी पिंपात टाकायची आणि मासा पुढच्या टेबलावर ढकलायचा. मांस गोठवून ट्रकमधून बाहेरगावी जातं, डोकी आम्हाला मिळतात. पहिल्यापहिल्यांदा साहेबाचं पोट नुसतं ठासून भरलेलं असायचं. ठिपक्या, लाल परांचे, मिशीवाले, ज्यांना कोणी कधी नाव दिलं नाही असेही. मग ठिपक्या कमी होत गेल्या आणि बाकीचेही. काही वर्षं नुसतीच कोळंबी निघायची. आणि आता पोट उघडलं की आत साहेबाचंच पिल्लू. पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, घरचं जेवण ते घरचं जेवण गं. आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आता पिल्लूही रोज निघत नाही, पुष्कळ पोटं रिकामी असतात, आणि साहेब येतात तेही डोकं मोठं नि अंगावर मांस नाही असे.

पाण्याचीही तीच गत. ठिपक्या शेवाळ खायच्या, डासांची पिल्लावळ खायच्या. एवढं काम त्या मुकाट्याने करत होत्या हे त्या गेल्यावर कळलं. आता तळं हिरवंगार असतं, ऊन तापलं की वर दाट साय धरते, आणि ती सडून तळाशी बसली की खालचं पाणी इतकं कुजतं की मासे आपले आपण मरून वर येतात. डासांचं तर विचारूच नका. ठिपक्यांवर जगणारे पक्षी कधी निघून गेले ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

हे सगळं सासऱ्यांना सांगून सांगून आमच्या तोंडाला फेस आला होता. त्यांचं म्हणणं एकच, की ठिपक्या खोल पाण्यात दबा धरून आहेत, आणि कोळी मेले आळशी झालेत, मोठ्या भोकांची जाळी टाकतात, मग त्या दिसणार कुठून. मध्यंतरी आजारी पडले, त्यातून उठले ते हेच डोक्यात घेऊन. त्यांची आई मीठ लावून, डोक्यासकट, तव्यावर भाजायची तशी ठिपकी पाहिजे. बाकी काही तोंडाजवळ नेलं की ओठ घट्ट मिटायचे. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, पोटात अन्न गेलं तर माणूस उभा राहील, नाही गेलं तर माझ्या औषधाने काही होणार नाही. आमचे हे म्हणजे अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात पटाईत. बाबांची समजूत तू काढ म्हणाले आणि ट्रक घेऊन गेले.

समजूत कसली काढता. मी सरळ फसवायला गेले. साहेबाचं बोटभर पिल्लू एका कोळ्याकडून मागून आणलं, शेपटीपाशी तव्याच्या काजळीने ठिपका काढला, भाजलं आणि पुढे ठेवलं. बाबांनी तोंडात घातलं, जिभेने पाठीवरचा काटा चाचपला, आणि घास काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"हा माझाच आहे," म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण रागच जास्त आला.

त्यानंतर ते खंगत गेले. हाताची कातडी लोंबायला लागली, बोलणं कमी झालं. एवढं होऊन का होईना, हट्ट थकला. एका सकाळी मी भात मऊ कालवून सहज पुढे धरला, तर त्यांनी आपणहून तोंड उघडलं. थोडासाच खाल्ला, पण खाल्ला. मी शेडमध्ये पोहोचले ती नुसती हवेत होते.

आणि त्याच दिवशी ती निघाली.

साहेब ताजा होता, त्याने नुकतंच काहीतरी गिळलं होतं. पोट उघडलं आणि माझा हात थांबला. बुळबुळीत, पण अख्खी. शेपटीपाशी ठिपका. पोट टम्म फुगलेलं, अंड्यांनी भरलेलं. शेजारच्या ताईने पाहिलं आणि ती सुरी खाली ठेवून नुसती बघत राहिली. जुन्या दोघीतिघी जवळ आल्या. मुकादम नवा, त्याला कळेना आम्ही कशाभोवती उभ्या आहोत. पिंपात टाका आणि हात चालवा, म्हणाला. ताई हळूच म्हणाली, तळ्याचा अभ्यास करणारे लोक येतात ना, त्यांना दे, ही शेवटची असली तर त्यांच्या कामाची आहे. मलाही पटत होतं. पण ते ती बाटलीत घालणार, आणि माझ्या घरात माणूस उपाशी होता. मी ती धुऊन एप्रनच्या खिशात घातली.

तव्यावर टाकली तशी बाबांची खोलीतून हाक आली. मी ताटली घेऊन गेले तर उशीला टेकून बसले होते, कोणाच्या आधाराशिवाय. आधी डोकं खाल्लं, मग कणा चोखला, अंडी शेवटी ठेवली आणि एक एक दाताखाली फोडत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. सांगत होतो ना मी, सांगत होतो ना, एवढंच चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत त्या घरात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी भात नेला. त्यांनी हाताने वाटी बाजूला केली. आता ठिपकीच, म्हणाले. एक आहे तिथे हजार असणार. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी आपणहून तोंड उघडलेला माणूस माझ्या एका माशाने पुन्हा ओठ मिटून बसला होता. हे घरी आले होते, त्यांनी हात जोडून पाहिले, ओरडूनही पाहिलं. शेवटी माझा तोल सुटला.

"बाबा, ती तळ्यात पोहताना नाही सापडली. साहेबाच्या पोटातून काढली मी. तुम्ही सोडलेल्या साहेबाच्या. शेवटची होती की काय देव जाणे, ती आधी त्याने खाल्ली आणि मग तुम्ही खाल्लीत. अंड्यांसकट."

हे माझ्याकडे बघतच राहिले. सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. मला वाटलं, लागलं वर्मी, आता तरी शुद्धीवर येतील.

"म्हणजे त्याला ठाऊक आहे," ते म्हणाले, "कुठे आहेत त्या."

मी हात टेकले.

मग रोज सकाळी निघताना सांगायचे, नीट बघ, घाई करू नकोस. आणि मी वेडी खरंच नीट बघायचे. नुसतं पोट नाही, घशापर्यंत हात घालायचे. मुकादम काम मागे पडतंय म्हणून वैतागला, तेव्हा ताई माझ्या वाटणीचे मासे गुपचूप आपल्या टेबलावर ओढायला लागली. संध्याकाळी घरी आले की बाबा माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचे. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ते त्यांनी उपसून टाकलं. आवाज इतका खोल गेला की कान जवळ न्यावा लागायचा. पण चेहऱ्यावर काय समाधान होतं, मेलं. ते बघवायचं नाही.

एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं.

"आज काय निघालं?"

"त्याचंच पिल्लू, बाबा."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत. नाहीतर काहीच नाही."

ते छताकडे बघत राहिले. त्यांनी माझा हात धरला, त्याला अजून माशाचा वास येत होता. मग म्हणाले, "आता ते पिल्लूच दे."

मी चप्पलसुद्धा घातली नाही. शेडकडे धावत गेले, पिंपं अजून उचलली नव्हती. कोपरापर्यंत हात घालून एक बरंसं पिल्लू काढलं, घरी येऊन धुतलं, मीठ लावलं, तव्यावर टाकलं. ह्यांनी बाबांना धरून बसवलं. काटे काढून मी बोटाएवढा घास केला आणि बाबांनी तोंड उघडलं. आपणहून. जबडा हलला, दोनतीनदा हलला. मी वाटीत पाणी घेऊन बसले होते. गळा मात्र काही केल्या गिळेना. घास गालात गेला आणि तिथेच राहिला, आणि ते माझ्याकडे बघत राहिले, लहान मुलाला जमत नसलं की ते बघतं तसे.

पहाटे गेले. माणसं जमायला लागली तेव्हा ह्यांनी मला सांगितलं, तोंड मिटवायला हवं, पण मिटत नाहीये. मी त्यांना बाहेर पाठवलं. बाबांची हनुवटी खाली धरली, बोट गालाच्या आतून फिरवलं आणि तो घास अख्खाच्या अख्खा बाहेर काढला. हे काम मला येतं.